हार्मन विर्समाचे चौतीस मित्र

हार्मन विर्समाने जमीनमोजणी खात्यात एकोणचाळीस वर्षं काढली होती. कुणाच्या बांधाची रेघ नकाशावर केसभर इकडची तिकडे झाली, तर त्याला जेवण गोड लागत नसे. अशा माणसाने वयाच्या शहात्तराव्या वर्षी सरकारी फॉर्मात बत्तीस मेलेली माणसं मित्र म्हणून भरावीत, यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. खुद्द हार्मनचंही म्हणणं असंच, की आपण काहीही खोटं केलेलं नाही. फॉर्मात 'मित्राचं नाव' आणि 'फोन नंबर' असे दोनच रकाने होते. 'मित्र हयात आहे काय?' असा रकाना नव्हता. आणि न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही, हा त्याच्या खात्याचा पहिला नियम.

या सगळ्याची सुरुवात झाली ती गुरुवार बंद पडल्यापासून. गावच्या समाजभवनात दर गुरुवारी दुपारी म्हाताऱ्या गे आणि लेस्बियन मंडळींची कॉफी असे. एक खोली, एक थर्मास आणि बिस्किटांचा एक डबा. माणशी एक बिस्कीट, की डबा बंद. अकरा-बारा माणसं यायची, सव्वीस वर्षं तीच तीच भांडणं भांडायची, आणि पुढच्या गुरुवारी उरलेलं भांडण पुरं करायला परत यायची. मग एका वसंतात पालिकेचं पत्र आलं. आपल्या भेटीगाठी अधिक सक्षम करण्यासाठी खोली बंद करण्यात येत आहे, त्याऐवजी प्रत्येकाला एक टॅब मिळेल, योजनेचं नाव 'गुलाबी वर्तुळ', कारण गुलाबी हा या मंडळींचा रंग. एकटेपणा घालवायची योजना राबवायची तर आधी माणसं एकटी असायला हवीत, तेवढी सोय पालिकेने जातीने करून दिली. त्या खोलीत आता कुत्र्यांना मालकांसोबत योगासनं शिकवतात.

विलमीनने टॅब त्याच दिवशी परत केला. विलमीन म्हणजे हार्मनची चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण, निवृत्त बसड्रायव्हर, आवाज अजून बसच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. "बत्तीस वर्षं समोर बघून गाडी हाकली," ती म्हणाली. "आता मांडीवर बघून गप्पा मारू होय? तू घे. तुला यंत्रांची हौस."

हार्मनला यंत्रांची हौस काडीची नव्हती. त्याने टॅब घेतला तो फोल्कर्टसाठी.

फोल्कर्ट हा त्याचा सगळ्यात जुना मित्र. ऐंशीचा. तीन वर्षांपूर्वी त्याच्या पुतणीने त्याला उचलून देशाच्या उत्तरेला, फ्रीसलँड प्रांतातल्या एका वृद्धाश्रमात ठेवलं होतं, तिच्या घराजवळ. पहिली दोन वर्षं दोघं दर रविवारी साडेतीनला फोनवर बोलत. मग फोल्कर्टचे कान गेले. मशीन लावलं तर फोन त्यातच किंचाळे. पत्रं लिहावीत तर फोल्कर्टचा हात थरथरे. मात्र समोरच्याचे ओठ दिसले की फोल्कर्टला सगळं कळायचं, जे कळवायचं नसे तेही कळायचं. म्हणजे चेहरा दिसायला हवा होता. आश्रमात टॅब होते. हार्मनकडे नव्हता.

त्यात आणखी एक मेख होती. आश्रमात गेल्यावर फोल्कर्टने आपलं निम्मं आयुष्य गुंडाळून कपाटात ठेवलं होतं. ज्या ओनोबरोबर त्याने एकतीस वर्षं संसार केला, त्याचा फोटो उशाशी होता, पण विचारलं तर "चुलतभाऊ." जेवणाच्या टेबलावर बायबल वाचून मगच चमचा उचलणारे तीन शेतकरी आणि हिस्के नावाची एक्याण्णव वर्षांची म्हातारी. "इथे मला मरेपर्यंत बसायचंय, हार्मन," हार्मन पहिल्यांदा भेटून निघताना फोल्कर्टने बजावलं होतं. "एक शब्द बोललास तर मी तुला ओळखणार नाही." हार्मनने शब्द दिला होता. त्याला ते पटलं नव्हतं, वाईटही फार वाटलं होतं, पण त्याच्या लेखी शब्द म्हणजे हद्दीचा दगड.

तर टॅब आला. त्याच्यासोबत डीडरिकही आला. हा पालिकेचा 'संपर्क मार्गदर्शक'. वय पंचावन्न, गळ्यात पिवळा मफलर, आणि पहिल्याच मिनिटाला अरे-तुरेवर.

"कसा आहेस, हार्मन? चल, तुझं वर्तुळ उघडू या!"

ज्या माणसाला खात्याचे संचालकसुद्धा एकोणचाळीस वर्षं 'श्रीयुत विर्समा' म्हणत आले, त्याला हे कसं लागलं असेल, ते सोडून देऊ. हार्मनने मुकाट्याने कॉफी ओतली आणि एक बिस्कीट दिलं.

वर्तुळ उघडायला आधी पासवर्ड लागला. त्यात एक मोठं अक्षर, एक अंक आणि एक चिन्ह हवं होतं, आणि ते हार्मनच्या आयुष्यातल्या कशाशीही जुळता कामा नये असं यंत्राचं म्हणणं. मग यंत्राने विचारलं, 'आज तुला किती एकटं वाटतंय?' खाली पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. हार्मनने 'लागू नाही' असा चेहरा शोधला. मिळाला नाही. मधला दाबला. यंत्राने नोंद केली : मध्यम एकटा.

"एक अडचण आहे," हार्मन म्हणाला. "पडद्यावर वरती ही गुलाबी पट्टी आहे. 'हार्मनचं गुलाबी वर्तुळ' म्हणून. ती मी ज्याला फोन करीन त्यालाही दिसणार?"

"अर्थात! छान आहे ना?"

"काढता येईल?"

"अरे, योजनाच गुलाबी आहे! आणि लपवायचं कशाला? आपण स्वतंत्र देशात राहतो." डीडरिकला बायको होती, तीन मुलं होती, आणि कयाकिंगच्या क्लबात त्याने उभ्या आयुष्यात काही लपवलं नव्हतं. लपवण्यासारखं नसलेल्या माणसाला धीट असणं फार स्वस्त पडतं, हे हार्मनच्या जिभेवर आलं होतं. पण बिस्कीट खाऊ घातलेल्या माणसाशी भांडायचं नाही, असं त्याच्या आईने शिकवलं होतं.

त्याने दुसरा मार्ग काढला. आश्रमातल्या परिचारिकेकरवी फोल्कर्टला निरोप धाडला : टॅबच्या वरच्या कडेला जखमेवर लावायची पट्टी चिकटव, दोन बोटं रुंद. का ते विचारू नकोस. फोल्कर्टने चिकटवली. एवढं झाल्यावर हार्मनने फोनचं बटण दाबलं, तर यंत्र म्हणालं : वर्तुळात किमान पाच मित्र असल्याशिवाय फोन करता येत नाही. तीन दिवसांत पाच झाले नाहीत, तर एकाकी व्यक्ती पथक घरी येईल.

पथक! हार्मनची कानशिलं तापली.

त्याने पाच माणसं मोजायला घेतली. फोल्कर्ट एक. विलमीन दोन, टॅब नसला तरी घरी फोन होता. पुढे गाडी अडली. गुरुवारच्या मंडळींचे नंबर त्याच्याकडे नव्हतेच. दर गुरुवारी दिसणाऱ्या माणसाचा नंबर कोण घेतं? विलमीनकडे दोघांचे होते, पण त्या दोघांशी तिचं भांडण अर्धवट राहिलं होतं. "खोली बंद झाली म्हणून मी पडती बाजू घेणार नाही," ती म्हणाली. डीडरिककडे सगळी यादी होती. पण ती देणं हा गोपनीयतेचा भंग झाला असता. "तू त्यांना भेटून नंबर माग ना," डीडरिकने सुचवलं.

"कुठे भेटू?"

"हं," डीडरिक म्हणाला.

खालच्या मजल्यावरच्या बोल्हाउसबाईंना जिन्यातच सुगावा लागला. बावीस वर्षांपासूनची शेजारीण. त्यांनी हार्मनच्या बाबतीत एकच गोष्ट कधी माफ केली नव्हती : त्याचे पडदे. "अहो विर्समा, तुमच्यातल्या लोकांना रंगांची इतकी जाण असते म्हणतात, आणि तुम्ही हे तपकिरी लावून बसलाय!" आता त्यांनी सल्ल्यांची रांग लावली. "माझ्या मावसबहिणीच्या भजनमंडळात एक आहेत. तुमच्यातलेच. ओळख करून देऊ? त्यांना पक्षीनिरीक्षण आवडतं."

"मला पक्षी आवडत नाहीत."

"अहो, पण ते तुमच्यातले आहेत!" बाई दुखावल्या. मग त्यांनी स्वतःचं नाव घालायला सांगितलं आणि हातपाय धुवायला म्हणून हार्मनच्या संडासात गेल्या. बाहेर आल्या त्या नेहमीसारख्या जरा गप्पच.

त्याचं कारण दारामागे टांगलं होतं. सगळ्यांच्याच संडासात असतं तसं वाढदिवसांचं कॅलेंडर. वार नाहीत, साल नाही, नुसते महिने आणि तारखा, त्यामुळे जन्मभर पुरतं. ज्याचं नाव संडासात, तो खरा जवळचा. बोल्हाउसबाईंचा वाढदिवस तीन मार्चला. बावीस वर्षं त्या मार्चचं पान उलटून बघत होत्या आणि तीन तारीख रिकामीच होती.

त्यांची नव्हती तशी कुणाचीच नवी भर नव्हती. हार्मनचा शिरस्ता असा : नवी ओळख आधी पेन्सिलने लिहायची. पाच वर्षं टिकली तर पेनने. आणि शहाण्णव सालानंतर त्याने पेन्सिलही उचलली नव्हती. माणूस गेला की लोक नावापुढे बारीकसा क्रूस काढतात. हार्मननेही सत्त्याऐंशीत पहिला काढला. मग दुसरा. एका हिवाळ्यात पाच झाले, सगळे चाळिशीच्या आतले. तेव्हा त्याने दाढीचं पातं आणून पाचही क्रूस खरवडून टाकले. त्याला सकाळी उठून ते बघवेना, एवढंच. पुढेही मित्र जात राहिले, काही एड्सने, काही नुसत्या म्हातारपणाने, पण कॅलेंडरात चौतीसच्या चौतीस जण होते तसेच राहिले.

पथक यायच्या आदल्या दिवशी दुपारी हार्मन तिथे बसला असताना त्याची नजर दारामागे गेली. तो उठला, कॅलेंडर खिळ्यावरून उतरवलं, टेबलावर आणलं, आणि शेजारी जुनी फोनवही ठेवली. पाच मित्र हवेत काय? घ्या चौतीस. एकेक नाव, एकेक नंबर, जुन्या नंबरांना नव्या नियमाचे आकडे जोडून बरोबर दहा आकडी. बोल्हाउसबाई पस्तिसाव्या झाल्या असत्या. पण त्या कॅलेंडरात नव्हत्या, आणि नोंदवहीत नाही ते फॉर्मात घालायचं नाही. यंत्राने हसरा चेहरा दाखवला आणि फोन सुरू झाला.

मग सहा महिने छान गेले. रविवारी साडेतीनला पडद्यावर फोल्कर्ट यायचा, वर गुलाबी पट्टी, खाली त्याची हनुवटी. दोघं हवेवर बोलायचे, गुडघ्यांवर बोलायचे, आश्रमातल्या सूपला नावं ठेवायचे. ओनोबद्दल शब्द नाही. एकदा चौदा जून रविवारीच आला. ओनोचा वाढदिवस. दोघं पंचवीस मिनिटं बटाट्यांवर बोलले, आणि फोन ठेवताना फोल्कर्टने पडद्याला नुसता हात लावला. पण हार्मनला पुढचा आठवडा काढायला तेवढंही पुरे होतं. त्याला कुणी विचारलं असतं तर त्याने हे कबूल केलं नसतं.

ऑक्टोबरात डीडरिक उड्या मारत आला. "हार्मन! जिल्ह्यात सरासरी वर्तुळ दोन पूर्णांक एक मित्रांचं. तुझं चौतीस! पालिकेच्या सभापतीबाई स्वतः तुझ्या वाढदिवसाला येणार. केक, फोटो, सगळं!"

"मी वाढदिवसाला तिघांनाच बोलावतो," हार्मन म्हणाला.

"बोलवायचं काम तुझं नाहीच! यंत्र आपोआप बोलावतं."

आणि यंत्राने खरोखर बोलावलं. चौतीस नंबरांवर एका गोड बायकी आवाजात निरोप गेला, की तुमचा मित्र हार्मन येत्या रविवारी सत्त्याहत्तर वर्षांचा होतो आहे, तो मध्यम एकटा आहे, दुपारी तीन वाजता त्याच्याकडे कॉफीला याल का? खाली पत्ता. मेलेल्या माणसांचे नंबर काही त्यांच्याबरोबर पुरत नाहीत. ते पुढे दुसऱ्यांना मिळतात.

आठ नोव्हेंबरला हार्मनने आठ तुकड्यांचा केक आणला आणि खुर्च्या गोल मांडल्या. विलमीन आली, बोल्हाउसबाई आल्या, सभापतीबाई, डीडरिक आणि एक फोटोवाला आला. पाच पाहुणे आणि हार्मन धरून सहा, दोन तुकडे राखीव. हार्मनला वाटलं, निभावलं. तेवढ्यात बेल वाजली.

दारात एक लठ्ठ गृहस्थ दुकानाचा नंबर छापलेल्या कागदात गुंडाळलेले धुरावलेले बांगडे घेऊन उभा. "अभिनंदन," तो म्हणाला. "मी मासेवाला. मला फोन आला. तुम्ही एकटे आहात म्हणे." त्याच्यामागे एक निवृत्त दंतवैद्य. मग ट्यूलिपचे कंद घेऊन दोन बहिणी. मग मोटार शिकवणारा एक जण, बायकोसह. त्या निरोपाने सगळ्यांच्या मनाला टोचणी लावली होती. रविवारी दुपारी एखादा म्हातारा एकटा बसलाय हे कळल्यावर घरी बसून केक खाणार तरी कसा?

आता वाढदिवसाचा रिवाज असा, की आत येणाऱ्याने नुसतं ज्याचा वाढदिवस त्याचं नाही, तर बसलेल्या प्रत्येकाचं अभिनंदन करायचं. सगळ्यांनी गोल फिरून सगळ्यांचे हात हातात घेतले. बोल्हाउसबाईंचं अकरा वेळा अभिनंदन झालं आणि त्या खुलल्या. मग सगळे गोल बसून एकमेकांच्या गुडघ्यांकडे बघत राहिले. इथे कुणीच कुणाला ओळखत नाही, हे कुणाच्याही लक्षात आलं नाही, कारण वाढदिवसाला हे नेहमी असंच असतं. हार्मन स्वयंपाकघरात आठ तुकड्यांचे बारा कसे करावेत याची मोजणी करत होता. आयुष्यभराची विद्या पणाला लागली होती.

सभापतीबाई उठल्या. बाई पन्नाशीच्या, बोलणं तुपातलं. "किती सुंदर! हे आहेत हार्मनचे आयुष्यभराचे मित्र. तंत्रज्ञानाने काय साधता येतं बघा!" त्या मासेवाल्याकडे वळल्या. "तुमची आणि हार्मनची ओळख कधीपासूनची?"

मासेवाल्याने घड्याळ पाहिलं. "तीन वाजून पाच मिनिटांपासूनची."

सभापतीबाई हसल्या. त्यांना तो विनोद वाटला. विलमीनने तोंडावर रुमाल धरला.

साडेतीन झाले आणि टॅब वाजला. फोल्कर्ट. हार्मनने तो उचलला. समोर फोल्कर्ट एकटा नव्हता. मागे अख्खी बैठकीची खोली होती, अर्धवर्तुळात चाकाच्या खुर्च्या. एक परिचारिका आनंदाने ओरडली, "श्रीयुत विर्समा, वाढदिवस आहे ना तुमचा? म्हणून तुम्हाला मोठ्या टीव्हीवर लावलंय! आता फोल्कर्टआजोबांना ओठ छान दिसतील!"

टॅबवर जखमेची पट्टी होती. टीव्हीवर कुठली असायला. फोल्कर्टच्या चष्म्याच्या दोन्ही काचांत हार्मनला एक रुंद गुलाबी रेघ दिसली. फोल्कर्टचा चेहरा पांढरा पडला होता.

"ही सगळी जमीनमोजणी खात्यातली मंडळी!" हार्मन ओठ ताणून ताणून म्हणाला. आयुष्यातलं हे त्याचं पहिलं खोटं. "खात्यातली! मोजणीवाली!"

"छे छे!" सभापतीबाईंनी टॅबमध्ये डोकं घातलं. "लाजायचं कशाला? नमस्कार आजोबा! हे आपल्या ज्येष्ठ गे आणि लेस्बियन बंधुभगिनींचं वर्तुळ! अभिमान बाळगा! चौतीस मित्र! बाकीचे कुठायत, हार्मन? अजून यायचेत?"

तिकडे फ्रीसलँडमध्ये फोल्कर्टने खुर्चीचे हात घट्ट धरले होते. हार्मनला बाईंचा असा संताप आला, की त्याचा आवाजच बदलला.

"सगळे आलेत," तो म्हणाला. "थांबा. आणतो."

तो संडासात गेला आणि कॅलेंडर घेऊन आला. सगळ्यांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. फोटोवाल्याने कॅमेरा उचलला आणि विलमीनने तो हाताने खाली दाबला.

"जानेवारी," हार्मनने वाचलं. "सहा. योस्ट. पेस्ट्री करायचा. माझ्या तिसाव्या वाढदिवसाला चार मजली केक आणला आणि जिन्यात पाडला. सत्त्याऐंशीत गेला. एकोणीस, बेर्टस. शाळामास्तर. त्याच्या आईने आम्हाला अंत्यविधीला येऊ दिलं नाही, आम्ही रस्त्याच्या पलीकडे उभे राहिलो. फेब्रुवारी. अकरा, एव्हर्ट." तो मासेवाल्याकडे वळला. "तुमचा नंबर एव्हर्टचा आहे. बिल कधी भरायचा नाही. म्हणून लवकर तुटला असेल."

मासेवाल्याने टोपी काढली.

हार्मन वाचत गेला. मार्च, एप्रिल, मे. जूनवर आला, थबकला आणि पुढे गेला. "जुलै. दोन..."

"हार्मन." पडद्यातून आवाज आला. बहिऱ्या माणसाचा, गरजेपेक्षा मोठा. "जून वाच."

"वाचला."

"मी तुझे ओठ बघतोय, गाढवा. चौदा तारीख गाळलीस."

हार्मनने त्याच्याकडे पाहिलं. मान हलवली, नको म्हणून.

"मग मीच सांगतो," फोल्कर्ट म्हणाला, आणि जमेल तेवढा वळून त्या चाकाच्या खुर्च्यांकडे तोंड केलं. "चौदा जून. ओनो. माझ्या उशाशी फोटो आहे तो. चुलतभाऊ नव्हता. माझा माणूस होता. एकतीस वर्षं."

डीडरिकच्या डोळ्यांत पाणी आलं. बहुधा अहवालाच्या विचाराने. मग त्या खोलीच्या कोपऱ्यातून एक खरखरीत आवाज आला. हिस्केबाई.

"ते आम्हाला दोन वर्षांपासून माहीत आहे."

"काय म्हणाली?" फोल्कर्टने परिचारिकेला विचारलं.

"माहीत आहे म्हणते मी!" म्हातारी ओरडली. "चुलतभावाला रोज कुणी 'झोप रे, राजा' म्हणतं का? स्वतःला ऐकू येत नाही म्हणून इतक्या मोठ्यांदा म्हणतोस, की अख्खा मजला जागा होतो! डाउवे तर त्यावरच घड्याळ लावतो!"

त्या तीन शेतकऱ्यांपैकी डाउवेने गंभीरपणे मान डोलावली. "पावणेदहा," तो म्हणाला.

"आणि आता बाजूला हो," हिस्केबाई म्हणाली. "चार वाजता टीव्हीवर स्केटिंग आहे. वाढदिवसाच्या शुभेच्छा, खात्यातल्या माणसा!"

आणि टीव्ही बंद झाला.

पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. सभापतीबाईंनी डोळे टिपले. डीडरिकने हार्मनला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "म्हणजे चौतीसपैकी सक्रिय किती धरू?" विलमीनने बाईंची वाट अडवून शेवटच्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की आमची खोली परत द्या. बाईंनी नोंद घेतली. दोन आठवड्यांनी पालिकेकडून उत्तर आलं : सूचना मोलाची वाटली, यापुढे गुलाबी वर्तुळाच्या सभासदांना मोठ्या पडद्याचा टॅब देण्यात येईल. खोलीत कुत्र्यांची योगासनं चालूच आहेत. फक्त गुरुवारी दुपारी आता मासेवाल्याच्या दुकानामागच्या जागेत काही म्हातारी माणसं कॉफी पितात, आणि घरी गेल्यावर त्यांच्या कपड्यांना बांगड्याचा वास येतो. विलमीनचं ते अर्धवट भांडणही पुन्हा सुरू झालं आहे.

त्या दिवशी निघताना मासेवाला संडासात जाऊन आला आणि खाली बघत म्हणाला, "माझा बावीस एप्रिल. म्हणजे, हवा असेल तर." हार्मनने तीस वर्षांनी पेन्सिलीला टोक काढलं. पेन्सिल हातात होतीच म्हणून तीन मार्चलाही एक नाव लिहिलं. बोल्हाउसबाई जिना उतरताना मोठ्याने नाक शिंकरत होत्या.

पण खरी गोष्ट पुढच्या रविवारी घडली. साडेतीन वाजले, फोल्कर्ट आला नाही. पावणेचार. हार्मनने स्वतः फोन लावला. कुणी उचलेना. चार वाजता त्याच्या डोक्यात नको ते सगळं येऊन गेलं. त्याला हाकललं असेल, तो कुणाशी बोलत नसेल, अंथरुणाला खिळला असेल, आणि हे सगळं आपल्या एका कॅलेंडरामुळे. सातव्यांदा लावल्यावर पडद्यावर एक सुरकुतलेला कान आला, मग एक डोळा, मग हिस्केबाई.

"काय आहे?"

"फोल्कर्ट... बरा आहे ना?"

"बरा? पत्ते खेळतोय. हरतोय. आणि तोंड बंद नाही. ओनोने असं केलं, ओनो तसं म्हणाला. इतकी वर्षं गप्प होता ते बरं होतं, आता आम्हाला आमच्या मेलेल्या नवऱ्यांबद्दल बोलायला सवड देत नाही. तू नंतर फोन कर."

"रविवारी साडेतीन ही आमची वेळ आहे," हार्मन म्हणाला. त्याला अपमान वाटला. सहा महिने, चौतीस नावं, एक सभापती, आणि शेवटी आपल्यावर पत्त्यांची सरशी.

"आता नाहीये. सोमवारी कर, सोमवारी मासे असतात, कुणी जेवत नाही."

मागे कुठेतरी फोल्कर्ट मोठ्यांदा हसला. बहिऱ्या माणसाचं हसणं, गरजेपेक्षा मोठं. हार्मनने ते तीन वर्षांत ऐकलं नव्हतं. त्याने टॅब कानाजवळ धरला.

"ठेवू का?" हिस्केबाई म्हणाली.

"बाई," हार्मन म्हणाला, "तुमचा वाढदिवस कधी असतो?"

"का?"

"संडासात लिहायचाय."

तिने केसांवरून हात फिरवला, जणू कुणी फोटो काढणार होतं.

"अठ्ठावीस फेब्रुवारी," ती म्हणाली. "आणि ऐक. फोल्कर्टने मला तुझा तो नियम सांगितलाय. मी एक्याण्णव वर्षांची आहे. पेनने लिही."